रेघ

आमच्या घरात म्हशीची किंमत सगळ्यांना पाठ असायची. खानापूर तालुक्यातलं कोरडवाहू गाव, दावणीला दोन म्हशी आणि एक खिलार बैल. शेजाऱ्याचा बैल आणि आमचा मिळून औताची जोडी व्हायची. मी आठवीत असताना थोरल्या म्हशीला दगडी झाली. कास लाल आणि कडक, हात लावू देईना. डॉक्टर राजदूतवरून आले, चारही सडांची धार हातावर घेऊन पाहिली आणि आबांना म्हणाले, "पाच दिवस इंजेक्शनं द्यायला लागतील. म्हैस वाचेल, पण दोन सड गेले." आबांनी एवढंच विचारलं, "मग दूध किती राहील?" डॉक्टरांनी सांगितलं. आबा पायरीवर बसून तंबाखू मळत राहिले, आणि बाजाराच्या दिवशी म्हैस विकली. त्या रात्री आई जेवली नाही. आबा उशिरापर्यंत म्हशीच्या रिकाम्या जागेशी उभे होते.

शेतकऱ्याला जनावर म्हणजे नुसता पैसा, असं शहरात कुणी म्हटलं की मला ती रात्र आठवते. माया होतीच. पण म्हशीची बाजारात एक किंमत होती आणि तिच्या पलीकडे खर्च केला असता तर घरातल्या कुणाच्या तरी ताटातलं गेलं असतं. रेघ आखलेलीच होती. आबांना ती फक्त ओळखायची होती.

पुण्यात कुत्र्यामांजरांची डॉक्टर म्हणून मला आता पंचवीस वर्षं होत आली. "लहानपणापासून प्राण्यांची आवड असेल ना?" असं नवीन ओळखीचा प्रत्येक माणूस विचारतो. खरं उत्तर असं, की १९९३ साली बारावीला मला एमबीबीएसला पुरतील इतके गुण मिळाले नाहीत. त्यानंतरचा पर्याय म्हणून अर्ज भरला होता आणि परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात नाव लागलं. आमच्या वर्गातले बहुतेक असेच आले होते. "गुरांचा डॉक्टर होणार" म्हटल्यावर पाहुण्यांचे चेहरे पडायचे, आणि मुलगी गुरांची डॉक्टर होणार म्हटल्यावर तर त्यांना काय बोलावं तेच कळायचं नाही. आई एवढंच म्हणाली, "आपली म्हैस आडली तर तुला बोलवता येईल."

ते कॉलेज १८८६ सालचं. दगडी इमारत, मोठी झाडं, आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल. हाकेच्या अंतरावर केईएम आणि टाटा. ज्या पांढऱ्या कोटासाठी मी रडले होते, तो घातलेली मुलं चहाच्या टपरीवर शेजारी उभी असायची. पहिलं वर्षभर मी त्यांच्याकडे पाहायचं टाळत होते. अभ्यासक्रम जवळजवळ सगळा गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या आणि कोंबड्यांचा. कुत्रं शरीररचनेच्या वर्गात भेटायचं आणि मग थेट दवाखान्यात. पण दवाखान्यात काय नसायचं! गिरणगावातल्या चाळींमधून पोत्यात घालून आणलेली कुत्री, संक्रांतीला मांजाने पंख कापलेल्या घारी आणि कबुतरं, व्हिक्टोरिया ओढणारे लंगडे घोडे.

तिथे शेवटच्या वर्षाला असताना एक बाई पांढरी पॉमेरियन कुत्री घेऊन आली. खात नाही, पाणी मात्र सारखं पिते, एवढीच तक्रार. आमच्या सरांनी मला तिच्या पोटावर हात ठेवायला सांगितलं. "दाबू नकोस. नुसता ठेव आणि वाट बघ." कुत्रीचं अंग आधी ताठ होतं. मग तिने एक श्वास सोडला आणि पोट सैल झालं, आणि माझ्या बोटांखाली दोन जाड नळ्या सरकल्या. पायोमेट्रा. गर्भाशय पुवाने भरलेलं. माजावर येऊन गेल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत, नसबंदी न केलेल्या वयस्क कुत्रीत होणारा आजार. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी ती कुत्री उभी राहून डबा चाटत होती. माणसांच्या डॉक्टरला रोगी सांगतो, इथे दुखतंय. मला त्या कुत्रीच्या अंगाने सांगितलं होतं, आणि तेही मी वाट पाहिली म्हणून. केईएमच्या मुलांकडे पाहायचं मी त्यानंतर टाळलं नाही.

शल्यचिकित्सेत पदव्युत्तर शिक्षण घेतलं. वर्गातले बरेचजण एमपीएससी देऊन पशुधन विकास अधिकारी झाले, काही पोल्ट्रीत, काही औषध कंपन्यांत गेले. मी पुण्यात एका ज्येष्ठ डॉक्टरांकडे दीड वर्ष उमेदवारी केली आणि मग कर्वेनगरात एक गाळा भाड्याने घेतला. स्टीलचं एक टेबल, एक फ्रीज, वजनकाटा. एक्सरे काढायचा तर रात्री साडेनऊनंतर, माणसांचे पेशंट संपल्यावर, ओळखीच्या रेडिओलॉजिस्टकडे मागच्या दाराने जायचं. रक्त तपासायला माणसांच्या लॅबमध्ये पाठवायचं, फॉर्मवर 'टायगर पाटील, वय ७' असं लिहून. मशीन माणसाच्या पेशींसाठी जुळवलेलं असल्यामुळे आकडे जपून वाचावे लागायचे, म्हणून मी सूक्ष्मदर्शक घेतला आणि काचेवर रक्ताचा थेंब पसरून स्वतः बघायला लागले. गोचीडतापाचे जंतू पांढऱ्या पेशीत तुतीच्या फळासारखे पुंजक्याने दिसतात. पहिल्यांदा दिसले तेव्हा दवाखान्यात मी एकटीच होते आणि कुणाला दाखवू असं झालं होतं. आज पुण्यात प्राण्यांसाठी वेगळ्या लॅब आहेत, सोनोग्राफी आहे, आयसोफ्लुरेनची भूल आहे, रात्रभर उघडी असणारी हॉस्पिटलं आहेत. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत आलं.

माझ्या जुन्या रजिस्टरांवरून शहराचा इतिहास लिहिता येईल. सुरुवातीची पानं पॉमेरियननी भरलेली. 'हम आपके हैं कौन' १९९४ साली आला, त्यातला टफी घराघरांत पोचला होता. मग २००३च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग दिसला आणि दोन वर्षांत माझं टेबल चपट्या नाकांनी भरून गेलं. त्यांना एप्रिल-मे सोसत नाही. दुपारी फिरायला नेलेला पग जांभळी जीभ बाहेर काढून, घशातून करवतीसारखा आवाज करत यायचा, आणि आम्ही ओल्या टॉवेलात गुंडाळून पंख्याखाली त्याचा ताप उतरवत बसायचो. नंतर बर्फातले हस्की आले. ते पाहून मला राग येतो, तो मी लपवत नाही. आता मात्र रजिस्टरात 'देशी' हा शब्द वाढला आहे. रस्त्यावरून उचलून घरी आणलेली, पिवळसर, टोकदार कानांची आपली कुत्री. आणि मांजरं तर कितीतरी पटीने वाढली.

मांजरांनी मला नव्याने शिकायला लावलं. मांजर म्हणजे छोटं कुत्रं नव्हे, हे पुस्तकात वाचलं होतं. ते कळलं एका आईमुळे. तिने मुलाला देतात तशी तापाची अर्धी गोळी, पॅरासिटामॉलची, आपल्या मांजराला मायेने चारली होती. मांजराच्या यकृतात ते औषध पचवून बाहेर टाकणारी यंत्रणा फार दुबळी असते. ती मांजर आली तेव्हा तिचं तोंड सुजलं होतं आणि हिरड्या चॉकलेटी झाल्या होत्या, रक्त प्राणवायू वाहून न्यायचं थांबलेलं. उतारा आहे, एन-ॲसिटाइलसिस्टीन. तो माणसांच्या मेडिकल दुकानातून धावत आणला. ती वाचली. पण त्या बाईंचा चेहरा मी विसरले नाही. "मीच विष दिलं का हो?" असं त्या पुनःपुन्हा विचारत होत्या. म्हणून हे इथे सांगते: मांजराला घरातली तापाची गोळी, कितीही छोटा तुकडा, देऊ नका. आणि बोका सारखा बसून कुंथत असेल तर बद्धकोष्ठ समजून दूध-तूप पाजत बसू नका. लघवी तुंबलेली असू शकते, आणि तसं असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकतं.

माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक सांगते. २००६ सालचा पावसाळा. एक गृहस्थ आणि त्यांची दोन मुलं त्यांचा देशी कुत्रा घेऊन आले. "काल मटण होतं, घशात हाड अडकलंय." खालचा जबडा लोंबलेला, लाळेची तार, पाण्यात तोंड घालतो पण घोट जात नाही. कुत्रा शांत, अगदी दीनवाणा. दवाखान्यात गर्दी होती. मी बॅटरी घेतली, हातमोजे न घालता त्याच्या तोंडात हात घातला आणि घशापर्यंत बोटं फिरवून हाड शोधलं. हाड नव्हतं. हात तसाच आत असताना माझ्या लक्षात आलं.

पिसाळलेला कुत्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धावून चावणारा येतो. पण रेबीजचा एक मुका प्रकार असतो. त्यात चावण्याचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडतात. जबडा लोंबतो, लाळ गिळता येत नाही. 'हाड अडकलंय' ही तक्रार त्याची जुनी खूण, प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितलेली. मीही परीक्षेत लिहिली होती. पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धरला. बोटांच्या कडेला सोललेली कातडी होती. मी आधी लस घेतलेली होती म्हणून त्या दिवशी एक आणि तिसऱ्या दिवशी एक, अशा दोनच इंजेक्शनांवर माझं भागलं. त्या कुटुंबाचं तसं नव्हतं. दोन दिवस ती मुलं त्या कुत्र्याला हाताने पाणी पाजत होती. पूर्ण लस, शिवाय ओरखड्यांत सीरम. मी स्वतः त्यांना महापालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेले. कुत्रा तिसऱ्या दिवशी गेला, मेंदूच्या तपासणीत रेबीजच निघाला. धाकट्या मुलाने विचारलं, "तो तर कुणाला चावला नाही, मग का मेला?" त्यापुढे एक वर्ष तो मुलगा रस्त्यात दिसला की मी आधी त्याची चाल बघायचे. तेव्हापासून लोंबलेला जबडा टेबलावर आला की दवाखान्यात कितीही गर्दी असो, मी आधी थांबते.

आता रेघेकडे येते. या कामातलं अवघड तेच आहे, आणि मी टिकले तीही बहुधा त्यामुळेच.

घरातल्या कुत्र्याला बाजारभाव नाही. त्यामुळे किती खर्च करायचा, किती दिवस झगडायचं, कुठे थांबायचं, याचं उत्तर बाहेरून येत नाही. माणसाच्या दवाखान्यात निदान विमा असतो, सरकारी रुग्णालयाचा आधार असतो. इथे बहुतेकांच्या खिशातून रोख. आणि त्या टेबलाशी माझ्याखेरीज विचारायला कुणी नसतं. सुरुवातीला मी ती रेघ समोरच्याच्या वतीने आखून टाकायचे, त्याला न विचारता. एक रिक्षावाले काका तीन किलोचं पिल्लू घेऊन आले, पार्व्होचं. पार्व्होचा वास एकदा नाकात बसला की दारातूनच ओळखू येतो. त्या विषाणूवर तेव्हा थेट औषध नव्हतं, उलटी-जुलाबातून गेलेलं पाणी शिरेतून भरत राहायचं आणि पिल्लाची ताकद पुरेल अशी आशा करायची. मी काकांच्या चपला पाहिल्या आणि सगळ्यात कमी खर्चाचा मार्ग सुचवला: त्वचेखाली सलाईन, सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन, घरी न्या. दुसऱ्या रात्री पिल्लू कोसळलं, तेव्हा म्हटलं की ॲडमिट करून चोवीस तास शिरेतून सलाईन लावायला हवं. ते म्हणाले, "हे काल का नाही सांगितलं मॅडम? पैसे आहेत की नाहीत ते मी ठरवलं असतं." पिवळी, बारीक सुई कशीबशी शिरेत बसली. ते रात्रभर रिक्षा बाहेर लावून बाकावर बसून होते. चौथ्या दिवशी पिल्लू गेलं. पहिल्या दिवसापासून ॲडमिट केलं असतं तर वाचलं असतं का, सांगता येत नाही. पार्व्होत तसंही कितीतरी जातात. पण त्या दिवसापासून मी समोर कोणीही असो, सगळे मार्ग आणि सगळे आकडे कागदावर लिहून देते. त्यातला स्वस्त मार्ग निवडणाऱ्याकडे मान वर करून बघते. त्याला लाज वाटेल असा एक शब्दही माझ्या दवाखान्यात कुणी बोललेलं मला चालत नाही.

आणि मग तो प्रश्न येतो, जो कागदावर लिहून सुटत नाही. "मॅडम, तुमचा असता तर काय केलं असतं?" बरीच वर्षं मी तो टाळला. "निर्णय तुमचा आहे" म्हणायचे, आणि त्यात मला सभ्यपणा वाटायचा. बँकेतून निवृत्त झालेलं एक जोडपं, त्यांचा दहा वर्षांचा लॅब्रॅडॉर. पुढच्या पायाला मनगटाच्या वर गाठ, एक्सरेत हाडाला वाळवी लागल्यासारखं. हाडाचा कर्करोग, छातीच्या एक्सरेत फुफ्फुसातही ठिपके. पाय काढूनही फार काळ मिळणार नव्हता. मुलगी न्यू जर्सीत. ती रोज रात्री व्हिडिओ कॉल करायची आणि तो तिच्या आवाजाने शेपटी हलवायचा. "ती सुट्टी घेऊन येते आहे, तोवर ठेवू या." मी वेदनाशामकं वाढवत गेले. काकूंनी मला तीनदा विचारलं, तुमचा असता तर. तीनदा मी म्हटलं, निर्णय तुमचा. अकराव्या दिवशी त्याचा तो पाय मोडला. मुलगी तेव्हा विमानात होती. तो रात्रभर ओरडत होता, कारण त्यांनी मला पहाटेपर्यंत उठवलं नाही. "तुम्हाला किती त्रास द्यायचा," असं काका म्हणाले.

प्राण्याला सोडायचं ठरलं की आधी गुंगीचं इंजेक्शन देते, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. श्वास थांबतो, मग हृदय. मी स्टेथोस्कोप लावून पूर्ण दोन मिनिटं ऐकते, खात्री झाल्याशिवाय बोलत नाही. ती दोन मिनिटं मला कधीच सवयीची झाली नाहीत आणि होऊ नयेत. त्या लॅब्रॅडॉरचं रजिस्टर लिहिताना मला कळलं की काकू माझ्याकडे निर्णय मागतच नव्हत्या. त्यांना कुणीतरी शेजारी उभं राहायला हवं होतं. आता कुणी विचारलं तर मी सांगते. "माझा असता तर मी आज सोडला असता." किंवा, "माझा असता तर मी अजून आठ दिवस झगडले असते."

पशुवैद्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त असल्याचं ब्रिटन-अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसून आलं आहे. ते वाचून मला नवल वाटलं नाही. एका दिवसात पिल्लाची पहिली लस, मग दयामरण, आणि लगेच पुढच्या टेबलावर नखं कापायला आलेलं हसरं कुटुंब. मधे हात धुण्यापुरता वेळ. आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा एकमेकांच्या दवाखान्यात बसतो आणि गेलेल्या केसेसबद्दलच बोलतो. हे आधी सुरू करायला हवं होतं.

दर उन्हाळ्यात आठ-दहा मुली येतात. आता या शाखेतही मुलीच जास्त दिसतात, नीटच्या गुणांवर प्रवेश, साडेपाच वर्षं, त्यातलं एक वर्ष इंटर्नशिप. "मला प्राणी खूप आवडतात," असं त्या म्हणतात. मी त्यांना शनिवारी संध्याकाळी दवाखान्यात उभं करते आणि सांगते, प्राण्यांकडे नको, माणसांकडे बघ. त्यांच्याशी बोलावंसं वाटलं तर ये. दोघी-तिघी परत येतात. एकीने पहिल्याच दिवशी, कुणी न सांगता, रडणाऱ्या आजोबांना खुर्ची नेऊन दिली होती. ती आता शिरवळच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे.

गेल्या थंडीत गावाहून आबांचा फोन आला. आई गेल्यापासून ते एकटेच असतात. गोठ्यात आता जनावर नाही, फक्त वाघ्या. चौदा वर्षांचा, त्यांच्याबरोबर मळ्यात जाणारा. "चार दिस झालं, भाकरीला तोंड लावंना." मी रात्रीच निघाले. पहाटे पोचले तेव्हा वाघ्या दावणीच्या जागी पोत्यावर पडला होता. तोंडाला लघवीसारखा वास, जिभेच्या टोकाला व्रण, डोळे खोल. मूत्रपिंडं संपली होती. रक्ताचा नमुना घेतला, पण उत्तर मला हातानेच कळलं होतं. पुण्याला नेऊन सलाईनवर ठेवला तर आठवडाभर काढता आला असता, सगळा पिंजऱ्यात. मी आबांना दोन्ही सांगितलं, जसं सगळ्यांना सांगते तसं.

आबा पायरीवर बसले. तंबाखू त्यांनी कधीच सोडली, तरी अंगठा तळहातावर फिरत होता. एका दुपारात म्हैस विकायचं ठरवणारा माणूस तासभर बोलला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा असता तर काय केलं असतंस?"

"आबा, माझाच आहे की हा."

त्यांनी मान हलवली. आत गेले आणि आईने शिवलेली वाकळ घेऊन आले. ती घडी न मोडता कितीतरी वर्षं ट्रंकेत होती. त्यांनी ती उलगडली, वाघ्याच्या अंगाखाली सरकवली, चारी टोकं नीट केली, आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन मला म्हणाले, "ये."